उन्हातली धुई

“आगं आशे, पाय आत घे. पान्याला लागतुया,” ठकूआक्का म्हणाल्या, तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की नाव सुटली आहे.

गेनूनानांनी इंजिन अजून चालू केलं नव्हतं. लांब बांबूनं तळ रेटत ते नाव काठापासून दूर नेत होते आणि धुई अशी दाटली होती की बांबूचं वरचं टोक दिसत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर आमचं दाभेसोंड गाव जागेवर नव्हतं. कोंबडा आरवत होता, कुणीतरी घागर घासत होतं, एक म्हैस हंबरत होती. आवाज सगळे होते, फक्त गाव नव्हतं. धरणाच्या पाण्याकाठी हिवाळ्यातल्या सकाळी असंच असतं. लग्न होऊन मी या पाण्यावर आले तेव्हापासून झोप कुठं संपते आणि जाग कुठं सुरू होते, हे मला कधी नीट कळलेलं नाही. आमचे मालक म्हणायचे, “हिला सकाळी दोन हाका माराव्या लागतात. एक उठवायला, एक भानावर आणायला.”

मी तेव्हा गावची आशाताई होते. दोन जिवाच्या बायकांची विचारपूस करायची, त्यांना तपासणीला न्यायचं, बाळंतपणाला दवाखान्यात पोचवायचं, तान्ह्यांना लस टोचून आणायची, हे माझं काम. माझं खरं नाव वैजयंता उतेकर. पण ‘आशा’ हे कामाचं नाव आहे, बाईचं नव्हे, ही गोष्ट गावाला शेवटपर्यंत पटली नाही. कुणी आशा म्हणे, कुणी आशे, आणि आमच्या मालकांना सगळे आशेचा नवरा म्हणत. ते बिचारे त्यालाही ओ देत.

नावेच्या मधोमध घडी घातलेल्या घोंगडीवर ठकूआक्कांची सून मयुरी बसली होती. पहिलटकरीण, नववा लागलेला. अंगावर हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा, ओटीत नारळ आणि तांदूळ. पाण्याच्या पार वरच्या टोकाला तळमोडी म्हणून गाव आहे, ते तिचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आक्का तिला पोचवायला निघाल्या होत्या. नवरा मुंबईला. भटजींनी सकाळची वेळ काढून दिली होती, मग धुई असो नाहीतर काही असो. तळमोडीच्या आशाताईशी मयुरीची गाठ घालून द्यायला मी बरोबर निघाले होते. तळमोडीला दवाखाना नव्हता. दवाखाना पाण्याच्या अगदी उलट्या अंगाला, शिंगवलीच्या धक्क्यावरून गाडीनं पुढं, तालुक्याला होता.

“नीट बसलीस न्हवं?” आक्कांनी सुनेला विचारलं.

“बसले की, आत्या. तुमीच कवाधरनं हालताय.”

आक्का हसल्या. सासूसुनेचं बरं होतं त्यांचं. आक्कांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की त्या दुसऱ्याच कुणाचा तरी विषय काढत. मयुरी त्यांचा हात धरून त्यांना उंबरा ओलांडून द्यायची, ताटातला घास दाखवायची.

माझ्या गळ्यात फोन होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरीनं अडकवलेला. ज्या वर्षी आम्हाला ते फोन मिळाले त्या वर्षीची ही गोष्ट. एका संस्थेनं त्यात आमच्या कामाचं ॲप घालून दिलं होतं. बाईचं नाव दाबलं की आतून एक बाई बोलायला लागायची. आवाज गोड आणि मराठी अगदी पुस्तकातली. ‘आपल्या पायांवर सूज आहे का? आपणांस सतत डोकेदुखी आहे का?’ समोरच्या बाईनं सांगितलं की मी हो किंवा नाही दाबायचं आणि शेवटी पडद्यावर एक गोल उमटायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, तांबडा म्हणजे तडक दवाखाना. गावात रेंज नव्हतीच. ती यायची पाण्याच्या मध्यावर. नाव तिथं पोचली की फोन आपोआप टुणटुण वाजायचा आणि मी साठवलेलं सगळं दवाखान्यातल्या घाडगे सिस्टरच्या फोनवर जायचं. मला ते फार आवडे. बायकांनी चुलीपाशी माझ्या कानात सांगितलेलं या निळ्या पाण्यावरून उडत चाललंय, असं वाटे आणि मी उगाच वर आभाळाकडं बघत राही.

गावानं या फोनातल्या बाईला लगेच आपलं म्हटलं. ती बोलायला लागली की ठकूआक्का डोक्यावरून पदर घेत. “किती ग्वाड बोलती गं. कुनाची सून म्हनायची?” असं त्यांनी मला एकदा विचारलंही होतं.

पण त्याच बाईनं पहिल्या हिवाळ्यात आमची पार शोभा केली. तिचा एक प्रश्न असा होता : ‘आपणांस धूसर दिसते का?’

“धूसर म्हंजी?” बायकांनी विचारलं.

“धुईतनं दिसतं तसं,” आक्कांनी अर्थ सांगून टाकला.

“मग दिसतं की! रोज दिसतं!”

मी म्हणाले, “अगं, तसं नव्हे. उन्हात धूसर दिसतं का?” तर म्हणतात, “ऊन हितं हाय कुठं?” फोनाशी खोटं बोलायचं नाही असं प्रत्येकीनं मनावर घेतलेलं. झालं. गावातल्या झाडून सगळ्या दोन जिवाच्या बायका तांबड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर, घाडगे सिस्टर आणि स्ट्रेचर घेऊन लाँच आमच्या काठाला लागली. बघतात तर एक तांबडी बाई डोक्यावर फाटी घेऊन डोंगर उतरतेय, दुसरी नाचणी झोडपतेय आणि तिसरी पाणवठ्यावर कडाकडा भांडतेय. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सिस्टर म्हणाल्या, “वैजयंता, तुझ्या गावाला डॉक्टर नको, ऊन पाठवायला पाहिजे.”

तालुक्याच्या मीटिंगमध्ये पुढं कितीतरी दिवस मला ‘धुई’ म्हणून चिडवत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते गावातल्या बायकांना. त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं असावं, कारण त्यानंतर धूसरचा ‘धू’ ऐकला की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर यायचं, “न्हाय, न्हाय, तसलं कायबी न्हाय.” मी नाना तऱ्हांनी विचारून बघे. पण दुधानं पोळलेल्या त्या, ताकाला हात लावायला तयार नसत.

मयुरीनंही आदल्या दिवशी तेच सांगितलं होतं. पायाला थोडी सूज होती म्हणून गोल पिवळा उमटला. मागच्या तपासणीला सिस्टरनी तिचा रक्तदाब मोजला होता, तो चांगला होता. नवव्या महिन्यात पाय कुणाचे सुजत नाहीत? असं सगळं होतं आणि सकाळ अशी सुंदर होती.

नानांनी इंजिन चालू केलं. त्या लयीत माझे डोळे जड झाले. आक्का हात पाण्याकडं करून बोलत होत्या. त्यांचं जुनं गाव या पाण्याखाली होतं. नवी नवरी म्हणून त्या आल्या आणि दोन-तीन पावसाळ्यांतच धरण भरलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी नाव कुठून चालली आहे हे त्यांना इंजिनाच्या घुमण्यावरून कळायचं.

“हितं आमचं खळं,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, “ह्यो पारावरचा वड आसंल.” मग आणखी पुढं, “म्होरं झोळाईचं देऊळ.”

मी पाण्यात बघत होते. खाली खळं होतं, वड होता, वडाच्या पारावर माणसं बसली होती आणि आमची नाव त्यांच्या डोक्यावरून ढगासारखी चालली होती. हे मी स्वप्नात बघत होते की आक्का सांगत होत्या म्हणून दिसत होतं, कोण जाणे. कधीतरी अंगाला ऊब लागली. बरं वाटलं. मी पदर खांद्यावरून सैल केला.

“आज धुई काय उठायचं नाव घीना बगा, ताई,” मयुरी म्हणाली.

“हूं,” मी म्हणाले.

आणि माझी नजर नावेच्या फळ्यांवर गेली. फळ्यांवर नानांची सावली पडली होती. टोपीसकट, सुकाणूवरच्या हातासकट, काळी आणि ठसठशीत. मी मान वर केली. आभाळ निळंभोर होतं. दोन्ही काठ धुतल्यासारखे स्वच्छ, डोंगरावरची कारवी वेगळी, खडक वेगळा, पाण्यावर उन्हाचे नुसते तुकडे. धुई केव्हाच उठून गेली होती.

“मयुरी,” मी म्हणाले, “त्या समोरच्या काठाला काय दिसतंय?”

“काय दिसनार? धुईच हाय न्हवं समदी.”

“आणि नाना दिसत्यात?”

ती हसली. “निम्मं दिसत्यात. टोपी हाय, तोंड न्हाय.”

मी सरकून तिच्याजवळ गेले. तिचा हात हातात घेतला. हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. एकही हलत नव्हती. आदल्या दिवशी कासारणीनं भरल्या तेव्हा साबण लावावा लागला होता आणि आक्कांनी कौतुकानं म्हटलं होतं की, सून अंगानं भरली. चेहराही भरलेला होता, डोळ्यांखाली फुगलेला. धुईत तो मला किती गोड दिसला होता!

“डोकं दुखतंय?”

“कालधरनं ठनकतंय. जागरन झालं न्हवं, बायका बसल्या हुत्या बोलत.”

“आणि पोटात? हितं वर, बरगडीखाली?”

“वाईच कळ हाय,” ती म्हणाली. “पर ते काय, बाळ लाथा मारतंय.”

माझी झोप उडाली म्हणणं बरोबर नाही. माझं सबंध अंगच जागं झालं. बाळंतपणाआधी रक्तदाब चढला तर काय होतं ते आम्हाला शिकवलं होतं. सूज येते, डोकं दुखतं, दिसेनासं होतं, मग झटका येतो. झटका आला तर आई जाते, बाळ जातं, कधी दोघंही. आणि आम्ही पाण्याच्या मध्यावर होतो, दवाखान्याकडं पाठ करून.

“नाना, नाव शिंगवलीला घ्या,” मी म्हणाले.

“आँ?” ठकूआक्का ताठ बसल्या. “शिंगवलीला कशापायी?”

“आक्का, मयुरीला दिसंना झालंय. ती धुई म्हणतेय, आणि धुई कुठंच नाही.”

“न्हाई कशी? मलाबी धुईच दिसतीया. मग मी काय बाळंत व्हनार हाय का?”

एरवी मी पोट धरून हसले असते. मयुरी हसलीच.

“आक्के,” गेनूनाना मागून हळूच म्हणाले. “ऊन पडलंय.”

“कवा?”

“झाला की लई वेळ. लख्ख पडलंय.”

 आक्कांनी हात पुढं केला, पालथा, मग उताणा. उन्हाची ऊब हाताला लागलीच असणार. मयुरीनंही इकडंतिकडं बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. तिचं हसू मावळलं.

“ऊन हाय?” तिनं मला विचारलं. “खरंच ऊन हाय, ताई?”

मी तिला डाव्या कुशीवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. “नाना, फिरवा नाव.”

“नाव फिरवायची न्हाय!” आक्का ओरडल्या.

मला ते ठाऊक होतं. आमच्याकडं ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला निघालेल्या पोरीची नाव पाण्यातून माघारी वळवत नाहीत. मी आक्कांना म्हणाले, जीव जाईल तिचा. आक्का माझ्याकडं वळल्या.

“तू बाहेरनं आलीस, तुला काय ठावं? माजी नणंद अशीच निघाली हुती. वारं सुटलं म्हनून नाव माघारी फिरवली. घरात आनली आन तिसऱ्या दिशी दोगंबी गेली. ह्या हातानं न्हाऊ घातलंय मी त्यास्नी. ह्या हातानं. माजी सून मी माघारी न्हेनार न्हाय.”

त्या हट्टाला आलेल्या नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. जेवढी मी भ्याले होते तेवढ्याच, त्याच पोरीसाठी. नानांनी इंजिन मंद केलं. नाव जागच्या जागी डुलायला लागली.

मी फोन काढला, मयुरीचं नाव दाबलं. मला ऐकायचं नव्हतं, पण आक्कांनी ऐकावं असं वाटलं. माझ्यापेक्षा त्यांचा त्या बाईवर विश्वास जास्त होता. बाई शांतपणे विचारायला लागली. सूज आहे का? हो. डोकेदुखी? हो. ‘आपणांस धूसर दिसते का?’

 या खेपेला मयुरीनं माझ्या मांडीवर नुसती मान हलवली. मी हो दाबलं.

गोल तांबडा झाला. ‘कृपया विलंब न करता रुग्णालयात न्यावे,’ बाई म्हणाली.

“काल पिवळं म्हनली, आज तांबडं म्हनती,” आक्का पुटपुटल्या. “बाईला सोताला तरी म्हाईत हाय का?” पण पदर त्यांनी डोक्यावरून घेतला होता.

तेवढ्यात फोन टुणटुण वाजला. आम्ही मध्यावर होतो. तांबडा गोल पाण्यावरून निघून गेला आणि जरा वेळानं घाडगे सिस्टरचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर टाकला.

“वैजयंता,” सिस्टर हसत होत्या, “पुन्हा धुई का गं?”

“आज ऊन आहे, सिस्टर,” मी म्हणाले.

पलीकडचं हसू तुटलं.  मग सिस्टरचा आवाज आला, पण तो वेगळाच. “डाव्या कुशीवर झोपव. तोंडात काही घालू नको, पाणीसुद्धा. झटका आला तर दाबून धरू नका, कुशीवरच ठेवा. मी गाडी घेऊन धक्क्यावर येते. किती लवकर येता?”

मी आक्कांकडं बघितलं. नानाही बघत होते. सुकाणू त्यांच्या हातात होतं, पण मयुरी आक्कांची होती. नावेला पाणी चापट्या मारत होतं, आणि आक्का उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या, काही ऐकू येतंय का बघितल्यासारख्या.

“गेनू,” त्या म्हणाल्या, “झोळाई कुठं ऱ्हायली?”

“ही काय, म्होरंच. नाकासमोर.”

“मग आईला वळसा घाल.”

मला काही कळलं नाही. नानांना कळलं. त्यांनी इंजिन वाढवलं आणि नाव पुढंच नेली, तळमोडीच्या दिशेनं. मी बोलणार होते, पण त्यांनी मला डोळ्यांनी थांबवलं. देऊळ होतं त्या जागी पाणी जरा गडद, हिरवं होतं. एरवी जातायेता लोक तिथं फूल टाकतात. नानांनी त्या हिरव्या पाण्याला उजवं घालून नाव हळूहळू वळवायला सुरुवात केली. डोंगर आमच्याभोवती फिरायला लागले. आधी तळमोडीचा काठ गेला, मग मधली सोंड, मग उन्हाचा पट्टा आमच्या पाठीवरून खांद्यावर आला, खांद्यावरून तोंडावर. आक्कांनी सुनेच्या ओटीतले मूठभर तांदूळ घेतले आणि पाण्यात सोडले. पांढरे दाणे खाली जाताना मी बघितले. ते फार वेळ दिसत राहिले. मला वाटलं, खाली देवळाच्या पायरीवर कुणीतरी ओंजळ धरली आहे.

वळसा पुरा झाला तेव्हा नावेचं नाक शिंगवलीकडं होतं.

“नाव फिरवली न्हाय,” आक्का नानांना म्हणाल्या, जशी काही उद्या साक्ष द्यायची होती. “आईची परदक्षिना केली. आता सोड. मोकळी सोड!”

नानांनी इंजिन असं पिळलं की नावेचं नाक पाण्यातून वर उचललं गेलं.

तो पुढचा प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. सगळीकडं लख्ख ऊन, आणि त्या उन्हात मांडीवर डोकं ठेवून एक पोर मला विचारतेय, “काठ आला का, ताई?” आणि मी तिला सांगतेय काय काय दिसतंय ते. बगळा दिसतोय. धक्का दिसतोय. धक्क्यावर पांढरी गाडी दिसतेय. सिस्टर पाण्यात उतरल्यात, चपलांसकट.

झटका गाडीत आला. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरता शिरता. सिस्टरच्या हातात इंजेक्शन तयार होतं म्हणून निभावलं. मयुरीला ढकलगाडीवरून आत नेलं, दार लागलं, आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. आक्कांच्या मुठीत ओटीतले उरलेले तांदूळ होते. ते खाली ठेवा म्हणावं तर ठेवायचे कुठं, म्हणून त्या तशाच मूठ मिटून बसल्या. ऊन खिडकीतून आत आलं, भिंतीवर चढलं. कुणीतरी येऊन सांगितलं, मुलगी झाली, लहान आहे, पण रडली. आणि आई जगली.

आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. आम्हाला वाटलं, संपलं.

मयुरी शुद्धीवर आली आणि तिनं विचारलं, “लाईट गेली का?”

वॉर्डात लख्ख उजेड होता.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. डोळ्यांत बॅटरी मारून त्यांनी बघितलं आणि आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, असं होतं कधीकधी, रक्तदाब मेंदूपर्यंत जातो, सूज उतरली की दिसायला लागतं बहुतेक. त्या ‘बहुतेक’ला धरून आम्ही राहिलो. मी गावी परतलेच नाही. माझे मालक कपडे घेऊन आले, बाळाला दुरून बघून गेले. मयुरीचा नवरा मंगेश मुंबईहून निघाला होता.

दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बाळाला काचेच्या पेटीतून काढून थोडा थोडा वेळ आईपाशी देऊ लागले. मयुरी तिला बोटांनी बघायची. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. “कुनासारखी हाय?” ती विचारायची. आक्का काय सांगणार? त्यांना ती नात म्हणजे दुपट्यातला एक पांढरा ढग. मग सासूसुना दोघी माझ्याकडं तोंड करायच्या आणि मी त्यांना सांगत बसायची. रंग गव्हाळ आहे. केस भरपूर. जिवणी एवढीशी, पण जांभई केवढी देते! तीच तीच पोर मी त्यांना सकाळ-संध्याकाळ सांगायची, आणि त्या दर खेपेला नवं ऐकल्यासारखं ऐकायच्या. सांगताना मला वाटे, मी हे सगळं रचतेय, आणि बोलायची थांबले तर पोर नाहीशी होईल.

रडायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. मयुरीसमोर तर नाहीच.

त्या दुपारी मी खिडकीशी उभी होते. आक्का खाटेच्या कडेला नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मयुरी कुशीवर पडून होती, डोळे उघडे, नेहमीसारखे कुठंतरी लागलेले.  मी सहज मागं बघितलं तर आक्का रडत होत्या. आवाज नाही, हुंदका नाही, खांदासुद्धा हलत नव्हता. नुसतं पाणी डोळ्यांतून गालावर, गालावरून हनुवटीवर, आणि तिथून खाली टपटप. मी तोंडावर बोट ठेवलं, पण ते त्यांना थोडंच दिसणार होतं? त्यांना धरावं म्हणून मी पाय न वाजवता निघाले.

“आवो आत्या,” खाटेवरून मयुरी म्हणाली, “डोळं पुसा की. पोरीच्या कानात पानी चाललंय.”